आईवर नाही, बापावरही नाही

जानेवारी 1930 मध्ये ‘दाना’ हे डेन्मार्कचं संशोधन जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रात होतं. खोल पाण्यातून ओढून घेतलेल्या जाळ्यात एक चपटा, लांबलचक, आरपार दिसणारा जीव निघाला. मोजपट्टी लावली तेव्हा तो 184 सेंटिमीटर भरला. समुद्रात याहून लांब प्राणी पुष्कळ आहेत, तेव्हा नुसत्या लांबीचं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. पण जाळ्यात आलेलं हे पिल्लू होतं.

वाम माशाच्या पिल्लाचं रूप शास्त्रज्ञांना तोवर चांगलं ठाऊक झालं होतं. तमालपत्रासारखं पातळ अंग आणि त्याच्या एका टोकाला इवलंसं डोकं. युरोपातल्या वामेचं पिल्लू सात-आठ सेंटिमीटरांचं असतं आणि त्यातून घडणारी वाम पुढे मीटरभर वाढते. मग 184 सेंटिमीटरांच्या पिल्लाची आई केवढी असेल? त्रैराशिक मांडलं की उत्तर वीस मीटरांच्या पुढे जायचं. खलाशांच्या गप्पांतल्या महासर्पाला एकदम शास्त्राचा टेकू मिळाला. ‘दाना’वर काम केलेले आंतोन ब्रून पुढे कित्येक वर्षं ही शक्यता मनात बाळगून होते, आणि ते काही हवेत बोलणारे गृहस्थ नव्हते. 1960 च्या दशकात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची जुनी सरकारी नौका संशोधनासाठी सजवून तिला ब्रून यांचंच नाव देण्यात आलं.

उलगडा व्हायला चाळीस वर्षं लागली. असली राक्षसी पिल्लं खऱ्या वामेची नाहीतच, हे डेव्हिड स्मिथ या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने 1970 मध्ये दाखवून दिलं. ती खोल समुद्रात राहणाऱ्या, काटेरी पाठीच्या दुसऱ्याच एका गटातल्या माशांची होती. हे मासे आपली सगळी लांबी पिल्लूपणीच गाठून घेतात. रूप बदलताना ते उलट आखडतात आणि मोठेपणी फारसे वाढत नाहीत. त्रैराशिक बिनचूक होतं, मासाच भलता होता.

समुद्रातल्या पिल्लांनी माणसाला असं वारंवार चकवलं आहे. सुरवंटाचं फुलपाखरू होतं याचं आपल्याला अप्रूप वाटतं, पण समुद्रात हा प्रकार जागोजागी चालतो. खेकडा, कोळंबी, शेवंड, कालव, तारामासा, लेप, वाम या सगळ्यांचं बालपण वेगळ्या शरीरात, वेगळ्या जागी आणि वेगळ्या अन्नावर जातं. या अवस्थेतल्या जिवाला डिंभ म्हणतात; लार्वा हा शब्दही आता मराठीत रुळला आहे. आई खडकाच्या कपारीत किंवा चिखलात राहणारी असते, तर डिंभ किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवर, तळ नसल्यागत खोल पाण्यावर तरंगत असतो. दोघांना एकत्र कुणी पाहिलेलंच नसेल, तर नातं कळणार कसं?

त्यामुळे डिंभांना स्वतंत्र प्राणी समजून नावं दिली गेली. लुई बोस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1802 मध्ये डोक्यावर लांब काटा असलेल्या, मोठ्या डोळ्यांच्या एका सूक्ष्म जिवाला ‘झोइया’ असं प्रजातिनाम दिलं. जॉन व्हॉन थॉम्पसन नावाचा ब्रिटिश लष्करी डॉक्टर काही वर्षं मॉरिशसच्या बाजूला नोकरीला होता. परतीच्या प्रवासात त्याने तलम कापडाचं जाळं जहाजामागे ओढून समुद्रातले बारीक जीव गोळा केले. चार्ल्स डार्विनने ‘बीगल’वरून तसंच जाळं सोडलं ते पंधराएक वर्षांनी, 1832 मध्ये. पुढे आयर्लंडमधल्या कॉर्कच्या खाडीकाठी राहत असताना थॉम्पसनने झोइया भांड्यात पाळले आणि ते कात टाकून खेकडे होताना पाहिले. खडकांना चिकटून बसणारे, शिंपल्याच्या जातीचे वाटणारे बार्नेकल हे खेकडा-कोळंबीचे भाऊबंद आहेत, हेही त्यानेच त्यांच्या पिल्लांवरून ओळखलं. विद्यापीठातल्या नामवंतांना ते पचायला वेळ लागला. फावल्या वेळात भांडी मांडून बसणाऱ्या एका पलटणीच्या डॉक्टरने प्राण्यांचं वर्गीकरण हलवावं, हे तेव्हा अनेकांना रुचलं नसणार.

वामेची कथा याहून रंजक. तिच्या पिल्लालाही वेगळा मासा समजून वेगळं नाव मिळालेलं होतं. इटलीतल्या मेसिनाजवळ हे मासे मिळत. 1890 च्या दशकात जोव्हानी बात्तिस्ता ग्रास्सी आणि साल्वातोरे कालांद्रुच्चो यांनी ते टाकीत ठेवले आणि पानासारखा मासा आखडून, गोल होऊन वाम झाल्याचं पाहिलं. हेच ते ग्रास्सी, ज्यांचा पुढे मलेरियाच्या डासावरून सिकंदराबादला काम केलेल्या रोनाल्ड रॉस यांच्याशी कडाक्याचा वाद झाला. मग योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाला 1904 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांच्या पश्चिमेला असंच एक पिल्लू मिळालं. पुढची अठरा वर्षं तो अटलांटिकमध्ये लहानांत लहान पिल्लं कुठे सापडतात ते शोधत फिरला आणि 1922 मध्ये त्याने सारगासो समुद्राकडे बोट दाखवलं. युरोपातल्या नद्यांतली वाम अंडी घालायला तिथवर जाते, हा निष्कर्ष केवळ पिल्लांच्या लांबीवरून काढलेला होता. अंगावर यंत्र लावलेल्या प्रौढ वामी सारगासोत पोचल्याचा प्रत्यक्ष पुरावा प्रसिद्ध झाला 2022 मध्ये!

आणि जुन्या काळी साधनं नव्हती म्हणून अशा गफलती झाल्या, असंही नाही. खोल समुद्रातल्या माशांची तीन कुळं विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुस्तकांत वेगवेगळी छापली जात होती. पहिल्या कुळातले मासे इवले, वरच्या पाण्यात राहणारे, शेपटीला लांब फीत असलेले. दुसऱ्यातले मोठ्या नाकाचे आणि सगळे नर. तिसऱ्यातले मोठ्या जबड्याचे, बारीक डोळ्यांचे, खूप खोल पाण्यातले आणि सगळ्या माद्या. एका कुळात पिल्लंच, दुसऱ्यात नरच आणि तिसऱ्यात माद्याच, यावरून कुणाला तरी शंका यायला हवी होती असं आज वाटतं. पण हे मासे वर्षानुवर्षांत एखाददुसरे मिळत, तेही जाळ्यात चेंगरलेले. जपानी शास्त्रज्ञांना 2003 मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या कुळातल्या माशांचा डीएनए जवळजवळ सारखा आढळला. 2009 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे डेव्हिड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही कुळं एकाच कुटुंबाची असल्याचं सिद्ध केलं. नर मोठा होताना जठरच गमावतो. लहानपणी खाल्लेल्या अन्नाचा साठा भल्या मोठ्या यकृतात भरून ठेवायचा आणि उरलेलं आयुष्य नाकाने मादीचा माग काढत घालवायचं, असा त्याचा बेत असतो.

चेंगरलेले, हा इथे कळीचा मुद्दा आहे. दीडशे वर्षं डिंभांचा अभ्यास झाला तो जाळ्यांच्या जोरावर. जहाजामागे ओढलेल्या जाळ्यात पाण्याचा दाब, एकमेकांवर आदळणारे जीव आणि शेवटी फॉर्मालिनची बाटली. अंगाला फुटलेले तंतू तुटतात, रंग उडतात, चेंडूसारखा फुगीर जीव लगदा होऊन निघतो. 1970 च्या दशकात विल्यम हॅमनर आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी यावर सरळ उपाय काढला. बहामातल्या बिमिनी बेटाजवळच्या खोल निळ्या पाण्यात ते दिवसा स्वतः उतरले. मध्ये एक दोर, त्याला प्रत्येक पाणबुड्याचा दोर बांधलेला, आणि एकाचं काम फक्त बाकीच्यांवर लक्ष ठेवण्याचं. जाळ्यात चिकट गोळा म्हणून येणारे मऊ जीव पाण्यात पसरलेल्या अवस्थेत पहिल्यांदा नीट पाहिले गेले. त्यांनी 1975 मध्ये या पद्धतीचं वर्णन छापलं.

तोच खेळ रात्री खेळायला सुरुवात झाली ती मुख्यतः हवाई बेटांवरच्या कोना गावाजवळ. तिथे ज्वालामुखीचा उतार तसाच पाण्यात शिरतो, त्यामुळे किनाऱ्यापासून काही किलोमीटरांवर खोली हजार मीटरांच्या पुढे जाते, आणि डोंगरांच्या आडोशामुळे समुद्रही शांत असतो. फिलिपिन्समधलं अनिलाव आणि फ्लोरिडाचा पूर्व किनारा ही आज या छंदाची आणखी दोन मोठी ठिकाणं आहेत. होडीचं इंजिन बंद करून तिला प्रवाहाबरोबर वाहू देतात. एका तरंगत्या बोयाला वजनदार दोर टांगतात आणि त्याला काही काही मीटरवर दिवे लावतात. पाणबुडे दहा ते वीस मीटर खोलीवर त्या उजेडाच्या आसपास राहतात. कोनाला तर प्रत्येकाला दोराने बांधूनच सोडतात. खाली तळ नाही, भोवती भिंत नाही, त्यामुळे आपण बुडतोय की स्थिर आहोत हे अंगाला कळत नाही. वर कुठे आहे ते सांगायला स्वतःचे बुडबुडे आणि मनगटावरचं खोलीमापक एवढंच. ज्याचा फोटो घ्यायचा तो जीव बहुधा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांचा, पारदर्शक, आणि तो थांबणारही नाही. गंमत म्हणून हे करणाऱ्यांचं कौतुक करावं की काळजी, हा प्रश्नच आहे. पण त्यांच्या हौसेतून विज्ञानाला जे मिळालं, ते पगारी संशोधनातून इतक्या लवकर मिळालं नसतं.

रात्रच का, याचं एक उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळालं. 1942 मध्ये अमेरिकेच्या सान डिएगोजवळ पाणबुड्या शोधण्यासाठी सोनारचे प्रयोग करणाऱ्या तीन भौतिकशास्त्रज्ञांना काही शे मीटर खोलीवर आवाज परतवणारा थर सापडला. तळ तर त्याच्याही पुष्कळ खाली होता. 1945 मध्ये स्क्रिप्स संस्थेचे जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दिवसरात्र नोंदी घेतल्या, तेव्हा हा ‘तळ’ सूर्यास्ताला वर चढताना आणि पहाटे खाली उतरताना दिसला. तो थर सजीवांचा होता: लहान मासे, कोळंबीसारखे जीव, माकूळ, जेलीसारखे प्राणी. पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं स्थलांतर हेच, आणि ते रोज होतं. अन्न वरच्या पाण्यात असतं, पण दिवसाउजेडी वर राहिलं तर शिकारी टिपतात. म्हणून अंधारात वर यायचं, खायचं आणि उजाडायच्या आत बुडी मारायची. 20 जुलै 1963 च्या सूर्यग्रहणात हा थर भरदिवसा वर सरकू लागल्याची नोंद आहे. पौर्णिमेच्या आसपास बरेच जीव वर येताना हात आखडता घेतात, म्हणून रात्री बुडी मारणारे अंधाऱ्या पंधरवड्यावर डोळा ठेवून असतात.

पण सगळेच डिंभ खालून येत नाहीत. कित्येक जण दिवसाही तिथेच असतात आणि आपल्याला दिसत नाहीत. निळ्या उजळ पाण्यात काचेचा जीव दिसणार कसा? काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने टॉर्चचा झोत पडला की त्याच्या कडा चमकतात. या छंदातली अर्धी जादू स्थलांतराची असेल, तर अर्धी नुसत्या प्रकाशयोजनेची आहे.

अरबी समुद्रात या रोजच्या येरझाऱ्यांना आणखी एक पदर आहे. इथे साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू अगदी नगण्य असतो. असा एवढा जाड पट्टा जगातल्या फार थोड्या समुद्रांत आहे. अंगावर प्रकाश देणारे ठिपके असलेले, बोटाएवढे कंदीलमासे दिवसभर या गुदमरवणाऱ्या पाण्यात दडून राहतात, कारण मोठ्या शिकारी माशांना तिथे तग धरता येत नाही. आणि रात्री श्वास घ्यायला व पोट भरायला ते वर येतात. कोकणातून रात्री दूरवर जाणाऱ्या बोटींच्या खाली हा सगळा कारभार रोज चाललेला असतो.

पाणबुड्यांच्या दिव्यांच्या उजेडात जे सापडतं त्याची नुसती यादी करून भागणार नाही, कारण प्रत्येक विचित्र अवयवामागे काहीतरी कारण असतं. लेपीचं पिल्लू घ्या. आपल्या ताटात येणारी लेप चपटी आणि तिचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला. पिल्लू मात्र चारचौघा माशांसारखं, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन उभं पोहतं. मग काही दिवसांत उजवा डोळा डोकं ओलांडून डावीकडे सरकतो, कवटीची हाडं वाकडी वाढतात आणि पिल्लू तळाला आडवं होतं. पोहणाऱ्या पिल्लाच्या पाठीवर लांब तंतू असतात. जाळ्यात ते हमखास तुटायचे, त्यामुळे ते किती लांब आणि कसे पसरलेले असतात ते फोटोंमधूनच कळू लागलं. काही माशांच्या पिल्लांचे असे तंतू दंश करणाऱ्या जेलीच्या तंतूंसारखे दिसतात. शिकाऱ्याला दूर ठेवायला एवढा आव पुरत असावा. काही खोल समुद्री माशांच्या पिल्लांचं तर आतडंच पोटाबाहेर लोंबत असतं, कधी अंगाच्या लांबीइतकं.

सूर्यमासा हा टनाहून जड होणारा मासा. श्मिट यांनी 1921 मध्ये दीड मीटरच्या एका मादीच्या पोटात 30 कोटी अंड्यांचा अंदाज केला होता. त्यातून निघणारं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरांचं, चहूबाजूंनी काटे फुटलेलं. काट्यांमुळे ते गिळायला अवघड जातं. तरी 30 कोटींपैकी फार तर दोघे-चौघे मोठे होतात, नाहीतर समुद्रात पाय ठेवायला जागा उरली नसती.

पारदर्शक राहण्यातही एक अडचण असते. आतडं लपवता येतं, पण डोळ्याचा पडदा काळा असावाच लागतो, नाहीतर दिसणार नाही. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये कोळंबी आणि तिच्या नातेवाइकांच्या डिंभांचे डोळे तपासले. डोळ्यांवर अतिसूक्ष्म गोलकांचा एक थर असतो आणि तो आसपासच्या पाण्याच्याच रंगाचा प्रकाश परतवतो. गोलकांचा आकार बदलला की रंग बदलतो, त्यामुळे हिरवट पाण्यातल्या आणि निळ्या पाण्यातल्या डिंभांचे डोळे वेगळे चमकतात. रात्रीच्या फोटोंमध्ये कोळंबीच्या पिल्लांचे डोळे झगमगतात ते यामुळेच. दिवसा लपवणारी युक्ती कॅमेऱ्याच्या फ्लॅशपुढे उघडी पडते.

शेवंडीचा डिंभ मात्र या सगळ्यांत राजबिंडा. कागदाइतकं पातळ, पारदर्शक, पानासारखं धड आणि त्याला फुटलेले लांब काटकुळे पाय. काही जाती या रूपात कित्येक महिने, कधी वर्षभर वाहत राहतात. रुंद, बसक्या डोक्याच्या चपट्या शेवंडींचे डिंभ जेलीफिशच्या पाठीवर बसून फिरतात आणि बसल्या जागी वाहनालाच कुरतडतात. मुंबईच्या समुद्रात या चपट्या शेवंडीची मासेमारी 1980 च्या दशकात जोरात होती. अंडी घेतलेल्या माद्याही ट्रॉलरच्या जाळ्यात येत गेल्या आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मासेमारी जवळपास संपली. तळावरच्या माद्या गेल्यावर वरच्या पाण्यात डिंभ येणार कुठून?

कोकणातल्या खाडीशी या प्रवासाचा रोजचा संबंध आहे. खाडीत मिळणाऱ्या बऱ्याच जातींच्या कोळंबीचा जन्म खाडीत होत नाही. मादी समुद्रात अंडी सोडते. त्यातून नॉप्लियस, मग प्रोटोझोइया, मग मायसिस अशी एकामागून एक रूपं दोन-तीन आठवड्यांत पालटतात आणि नखाएवढी पिल्लं खाडीच्या तोंडाने आत शिरतात. तिथल्या मचूळ पाण्यात काही महिने वाढून ती पुन्हा समुद्राकडे वळतात. मोठ्या चिंबोरीचं, म्हणजे सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या कुर्लीचं, थोडं वेगळं चालतं: अंडी घेतलेली मादी कांदळवनातून बाहेर समुद्रात जाते आणि तिची पिल्लं पाच वेळा झोइयाची कात टाकून, मग शेपटीवाल्या बालखेकड्याच्या रूपात परततात.

दिव्याकडे जीव ओढले जातात हे फक्त फोटोग्राफरांना ठाऊक आहे असं नाही. बोटीवर झगझगीत एलईडी दिवे लावून मासळी गोळा करायची आणि जाळं टाकायचं, ही पद्धत कोकण आणि गोव्याच्या समुद्रात आली, तेव्हा पारंपरिक मच्छीमार तिच्याविरुद्ध उभे राहिले. दिव्याखाली माकूळ, मोठे मासे आणि त्यांच्याबरोबर न वाढलेली पिल्लंही जमतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये अशा मासेमारीला बंदी घातली. बंदीनंतरही दूरवर दिवे दिसल्याच्या तक्रारी किनाऱ्यावर होत राहिल्या.

हिंदी महासागरातले डिंभ मोजण्याची पहिली मोठी संधी आली ती 1960 च्या दशकातल्या त्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत. अनेक देशांच्या जहाजांनी एकाच मापाचं जाळं वापरून नमुने घेतले आणि ते निवडायला कोचीला खास केंद्र उभं राहिलं. तिथे बाटल्यांमागून बाटल्या उघडून माशांची पिल्लं एकीकडे, खेकड्यांची दुसरीकडे, असं निवडण्याचं काम झालं. त्या मोहिमेतूनच 1966 मध्ये गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. जाळ्यांच्या मर्यादा वर सांगितल्या, पण कुठल्या समुद्रात, कुठल्या महिन्यात, किती पिल्लं होती हे सांगायला आजही जाळ्याला पर्याय नाही. एका रात्रीचा सुंदर फोटो मोजणीच्या कामाचा नसतो.

फोटोची दुसरी अडचण नावाची. अंगरचनेवरून मासा ओळखायचा तर परांमधले काटे आणि मणके मोजावे लागतात, आणि जेमतेम सेंटिमीटरभर पारदर्शक पिल्लात ते फोटोवरून मोजणं अवघड. म्हणून कोनाच्या पाणबुड्यांनी हवाई आणि स्मिथसोनियनमधल्या शास्त्रज्ञांशी हातमिळवणी केली. आधी पिल्लाचा जिवंतपणीचा फोटो घ्यायचा, मग तेच पिल्लू बाटलीत अलगद पकडायचं, नंतर प्रयोगशाळेत त्याचा डीएनए वाचायचा. आय नोनाका, डेव्हिड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ही पद्धत मांडली. एकाच जिवाचं रूप, शरीर आणि डीएनए असे तिन्ही पुरावे हाती आले की जाळ्यातून आलेल्या जुन्या, मोडक्या नमुन्यांचीही ओळख पटू लागते.

डीएनए काय करू शकतो याचं सगळ्यात मासलेवाईक उदाहरण सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसाचं. 1828 मध्ये हा शिंगाळ, चिलखती, निळसर जीव शास्त्रात नोंदला गेला. तो बहुधा दुसऱ्या माशांच्या पोटात सापडायचा. डिंभ आहे एवढं कळत होतं, पण कुणाचा? 184 वर्षं त्याचे आईबाप सापडले नाहीत. हेदर ब्रॅकन-ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मेक्सिकोच्या आखातातला एक ताजा नमुना तपासला आणि तो खोल समुद्रातल्या एका लाल कोळंबीचा निघाला. प्रौढ कोळंबीही शास्त्राला जुनीच माहीत होती. एकाच प्राण्याच्या दोन नोंदी दोन कपाटांत पडून होत्या.

वाहत जाणं म्हणजे हरवणं, असा समज मात्र अलीकडे ढिला झाला आहे. पापुआ न्यू गिनीतल्या किम्बे बेटावर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विदूषक माशांच्या आयांना एक खूणद्रव्य टोचलं होतं. ते पिल्लांच्या कानातल्या खड्यांत उतरतं. खुल्या पाण्यात डिंभावस्था काढून बेटाच्या प्रवाळावर स्थायिक झालेल्या पिल्लांपैकी सुमारे 60 टक्के त्याच बेटावर जन्मलेली होती. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ स्टीफन सिम्पसन यांनी मेलेल्या प्रवाळाचे ढीग रचले आणि काहींवर स्पीकरमधून जिवंत प्रवाळाचा गोंगाट, म्हणजे माशांचे आवाज आणि कोळंब्यांचा कडकडाट, रात्रभर वाजवला. आवाज असलेल्या ढिगांवर जास्त पिल्लं उतरली. वासानेही काही पिल्लं घर ओळखतात. काहींना तर घरी जायची घाईच नसते. उत्तर अटलांटिकमधल्या ल्युइडिया सारसी या तारामाशाच्या डिंभाच्या अंगावर छोटा तारामासा वाढतो, सुटून तळाला जातो, आणि मागे राहिलेला डिंभ आणखी तीन महिन्यांपर्यंत पोहत राहू शकतो. सारगासो समुद्रात काही तारामाशांचे डिंभ स्वतःचा तुकडा पाडून दुसरा डिंभ तयार करतात, असं 1989 मध्ये आढळलं. बालपणातच पुनरुत्पादन करणाऱ्याला बालक म्हणावं का, हा प्रश्न वर्गीकरण करणाऱ्यांना सतावणारा आहे.

आणि काही कपाटं अजून बंदच आहेत. हान्सेन या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये मिलिमीटरहून लहान अशा काही डिंभांचं वर्णन केलं. ते बार्नेकलच्या गोतावळ्यातले आहेत एवढं दिसत होतं, पण मोठेपणी त्यांचं काय होतं ते कळेना, म्हणून त्यांना नुसतं वाय-डिंभ म्हटलं गेलं. ओकिनावातल्या सेसोको बेटाच्या पाण्यात त्यांचे डझनावारी प्रकार मिळतात. 2008 मध्ये तिथे जमवलेल्या डिंभांना कात टाकायला लावणारं संप्रेरक देऊन बळेच मोठं करण्यात आलं. कवचातून बाहेर पडला तो गोगलगायीसारखा मऊ, पाय नसलेला, आतडं नसलेला जीव. खेकड्यांच्या अंगात घुसून राहणारे काही परजीवी बार्नेकल अशाच अवस्थेतून जातात, तेव्हा वाय-डिंभही कुणाच्या तरी शरीरात शिरत असावा असा तर्क आहे. तो ज्याच्या अंगात राहतो, तो प्राणी अद्याप कुणी पकडून दाखवलेला नाही.